सोनकांबळे बाईंची आंघोळ

सोनकांबळे बाई हजेरीच्या आधी कान तपासायच्या. प्रार्थना संपली तरी आम्ही रांगेतच उभे राहायचो. बाई उजव्या हाताचं बोट पाण्याच्या डब्यात बुडवायच्या, पोराच्या कानामागं घासायच्या आणि ते बोट त्याच्याच डोळ्यांपुढं धरायच्या. बोट स्वच्छ निघालं तर पुढचा. काळं निघालं तर एकच प्रश्न, "आंघोळ झाली का? खरं सांग." खोटं बोलून काही उपयोग नव्हता, कारण पुरावा नाकासमोर असायचा. मग त्या पोराची वरात समोरच्या हापशावर. बाई साबणाची वडी दोऱ्यानं कापून तिचे बोटभर तुकडे करून आणायच्या आणि एकेकाला एकेक तुकडा द्यायच्या. तो तुकडा घरी न्यायची मुभा होती. आमच्यातली काही पोरं साबणासाठी मुद्दाम बिनआंघोळीची यायची, हे बाईंना ठाऊक होतं असं मला आता वाटतं.

आमचं गाव इस्लापूरच्या पुढं. दोन खोल्यांची शाळा, तिच्यात चार वर्ग, आणि चारी वर्गांना मिळून या एकट्या बाई. मूळच्या धर्माबादच्या. नवरा लवकर गेलेला, पदरी वर्षा नावाची लहान मुलगी. गावात त्यांना खोली मिळाली ती भीमनगरात. दुसऱ्या आळीत कुणी दिली नसती, आणि बाईंनी विचारलंही नव्हतं. दिवसाला दोन आंघोळी, एक पहाटे आणि एक शाळा सुटल्यावर. पांढरी सुती साडी, निळा काठ, कडक खळ. त्या जवळून गेल्या की साबणाचा वास यायचा आणि आम्ही आपोआप ताठ बसायचो.

"फाटकं चालतं, मळकं चालत न्हाई," हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसरं एक होतं, ते त्या फक्त भीमनगरच्या पोरांना बाजूला घेऊन, आवाज खाली करून सांगायच्या. मी एकदा खांबाआडून ऐकलं. "त्या पाटलाच्या माधवचं एकदा घासून भागतं. तुला दोनदा घासावं लागंल. लोक आपल्याला आधी हुंगत्यात, मंग बघत्यात." पाटलाचा माधव म्हणजे मी. मला वाटलं, बाई माझं कौतुक करून राहिल्यात. तिसरीतल्या पोराला इतपतच अक्कल असते.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात मी सलग चार दिवस पाण्याला शिवलो नव्हतो. मला कोण बोलणार, अशी खात्री होती, कारण गावातलं मोठं घर आमचं. बाईंनी कानामागं बोट फिरवलं, ते पाहिलं आणि मला दंडाला धरून हापशावर नेलं. गार पाणी, खरखरीत हात, मानेपासून टाचेपर्यंत घासून काढलं. मी बोंब मारली. "रड, रड. रडल्यानं बी थोडा मळ जातो," बाई म्हणाल्या. सगळी शाळा हसली. मग त्यांनी आपल्या पदरानं माझं डोकं पुसलं.

घरी गेलो तर बातमी माझ्या आधी पोचलेली. आज्जी दारातच उभी होती. "शिवली म्हणं तुला ती?" म्हणाली, आणि मला आत न घेता अंगणातच उभं करून माझ्यावर घागर ओतली. त्या दिवशी माझ्या दोन आंघोळी झाल्या. पहिली माझ्या अंगावर मळ होता म्हणून, आणि दुसरी मला बाईंचा हात लागला होता म्हणून. थंडीनं मला ताप भरला तो वेगळाच.

तीन दिवस शाळेत गेलो नाही, तेव्हा बाई चौकशीला आल्या. ओसरीच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप उपडा ठेवलेला असायचा, तो काढून आज्जीनं त्यात चहा दिला. बाईंनी कपाकडं पाहिलं. "चहा राहू द्या आज्जी," त्या म्हणाल्या, "माझी आंघोळ झालीय. तुमची झालीय का?" ही गोष्ट गावात महिनाभर पुरली. बाई जिंकल्या असं सगळे म्हणत होते, मीही म्हणत होतो. पण कप दुसऱ्या दिवशी पुन्हा कोनाड्यात गेला होता, आणि बाई त्यानंतर आमच्या ओसरीवर कधी चढल्या नाहीत.

पुढं मी नांदेडला शिकलो, डॉक्टर झालो, कातडीच्या आजारांचं शिक्षण घेतलं आणि लातुरात दवाखाना टाकला. लातुरात कातडीच्या डॉक्टरला मरण नाही. गावोगावची पोरं क्लाससाठी इथं येतात, खोल्या करून राहतात, जागरणं करतात, आणि त्यांच्या तोंडावर मुरमं येतात. माझा दवाखाना त्यांच्यावर चालायचा. बाई निवृत्त होऊन लातुरातच लेकीकडं राहायला आल्याचं कानावर आलं होतं. एकदा जाऊन भेटू, असं मी दोन वर्षं म्हणत होतो.

शेवटी त्याच आल्या. उन्हाळ्याचे दिवस होते, बाहेर पंचवीस-तीस पोरं बसलेली. बाई आत आल्या तेव्हा तोच निळा काठ, तीच खळ, तोच साबणाचा वास. अंगानं सुटल्या होत्या. मी उठून पाया पडलो. "डॉक्टर लोक पाया पडत न्हाईत," त्या म्हणाल्या, पण खूश झाल्या. मग खुर्चीत बसून बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या. आमच्या गल्लीत नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, टँकरची वाट बघावी लागते, पण दोन आंघोळी चुकू दिल्या नाहीत, हे सांगितलं. "एका वेळचा सैपाक कमी करंन, पण आंघोळ न्हाई."

"तकलीफ काय आहे, बाई?"

त्यांनी दाराकडं पाहिलं. "काखेत काळं पडून राहिलंय. नायटा असंल. पायाच्या बोटात बी हाय थोडं."

पायाला त्यांनी हात लावू दिला नाही, काख तेवढी दाखवली. तपकिरी, कोरडा, बारीक सुरकुत्यांचा डाग होता. इथं थोडं समजावून सांगतो, नाहीतर माझी चूक कळणार नाही. कातडीला जिथं कातडी लागते, काख, जांघ, छातीखाली, पायाच्या बोटांच्या बेचक्यात, तिथं घाम कोंडतो. त्या ओलीत नायटा होतो, ती बुरशी. पण तशाच जागी, जवळपास तसाच दिसणारा दुसरा एक आजार होतो, त्याला एरिथ्राज्मा म्हणतात. तो बुरशीचा नाही, जंतूचा. हा जंतू तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या अंगावर निमूटपणे राहत असतो. ओल, उकाडा, वाढलेलं अंग किंवा रक्तातली साखर मिळाली की माजतो. बुरशीचं औषध त्याला पुरत नाही, त्याची औषधं वेगळी, आणि तीही साधी. दोन्हींतला फरक ओळखायला आमच्याकडं वुड्स लॅम्प नावाचा जांभळ्या उजेडाचा दिवा असतो. खोलीत अंधार करायचा आणि दिवा डागावर धरायचा. जंतू असेल तर डाग लालभडक उजळतो.

मी अंधार केला, दिवा धरला. काही उजळलं नाही. म्हणजे बुरशी, असं ठरवून मोकळा झालो.

आता चूक. हा लाल रंग जंतू स्वतः तयार करतो, आणि तो पाण्यात विरघळतो. रुग्ण नुकताच आंघोळ करून आला असेल तर दिवा खोटं बोलतो. हे पुस्तकात आहे, परीक्षेत विचारतात, मी लिहून गुण मिळवलेले आहेत. आणि आपल्याकडं कुणी बिनआंघोळीचं डॉक्टरकडं येतं का? शेतातून थेट येणारा माणूससुद्धा टाकीवर हातपाय धुऊन येतो. बायका तर ठेवणीतलं लुगडं नेसून येतात. त्यात या सोनकांबळे बाई! फक्त विचारायचं होतं, आंघोळ करून आलात का? उत्तर मिळालं असतं, आणि मी म्हणालो असतो, उद्या न करता या.

प्रश्न माझ्या जिभेवर आला होता, हे मी शपथेवर सांगतो. पण तो आज्जीच्या नातवानं त्या बाईंना विचारायचा? कोणत्या तोंडानं? मला लाज वाटली, आणि त्या लाजेला मी त्या वेळी आदर असं नाव दिलं. कातडी खरवडून काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहता आलं असतं, तेही केलं नाही, कारण बाहेर पोरं खोळंबली होती. "शुगर तपासली का, बाई?" एवढं विचारलं. "रिटायर होताना तपासली व्हती, काई न्हाई," त्या म्हणाल्या. मी पुढं रेटलं नाही. नायट्याचं मलम लिहून दिलं, महिन्यानं या म्हणालो, आणि दारापर्यंत सोडायला गेलो. दारापर्यंत सोडायला मला वेळ होता.

बाई महिन्यानं आल्या नाहीत. बरं वाटलं असेल, असं मी धरून चाललो. न येणारा रुग्ण बरा झाला असं समजायची आम्हा डॉक्टरांना सवयच असते.

वर्ष उलटल्यावर बाईंच्या लेकीचा, वर्षाचा, फोन आला. आईला ताप आहे, पाय सुजलाय, दवाखान्यात भरती केलंय, ती तुमचं नाव घेऊन राहिलीय. मी दिवा पिशवीत टाकून गेलो. का टाकला, सांगता येत नाही. बहुधा मनात कुठंतरी ठाऊक होतं.

डावा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लाल, तटतटलेला, हात ठेवला तर चटका बसेल इतका गरम. बोटांच्या बेचक्यात खोल चिरा. साखर इतकी की घरगुती मशीननं आकडाच दाखवला नव्हता. तिथल्या डॉक्टरांनी शिरेतून औषधं सुरू केली होती, करायला हवं ते सगळं चाललं होतं. मी जवळ गेलो तर बाईंनी चादर हनुवटीपर्यंत ओढली.

"लांब उभा राहा माधव. तीन दिस झाले, अंगाला पाणी न्हाई."

मी पडदा ओढला, सिस्टरांना त्या कोपऱ्यातला लाईट घालवायला सांगितला आणि दिवा पायाच्या बोटांवर धरला. चारही बेचकी लाल पेटली, फुंकर मारल्यावर राखेखालचा विस्तव फुलावा तशी. काखेत धरला, तिथंही तेच. मी कितीतरी वेळ दिवा बंद केला नाही.

"काय दिसून राहिलं?" बाईंनी विचारलं.

"लाल दिसतंय बाई."

"म्हंजे?"

मी त्यांना सगळं सांगितलं. नायटा नव्हता, जंतू होता. गेल्या वर्षी तुम्ही आंघोळ करून आला होता म्हणून दिव्याला दिसला नाही. पाण्यानं रंग जातो, जंतू जात नाही. मी विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही, चूक माझी आहे.

त्या छताकडं बघत होत्या. "मंग काय तशीच येऊ व्हय दवाखान्यात? बिगर आंघोळीची?"

"नाही बाई. पण मी विचारायला पाहिजे होतं."

"का न्हाई इचारलंस?"

मी दिवा पिशवीत टाकू लागलो. त्यांनीच माझी सुटका केली, किंवा सुटकेची वाट बंद केली म्हणा. "आज्जी आठवली असंल. दुसऱ्यांदा पाणी घातलं व्हतं तुला, माहीत हाय मला. खेड्यात काय लपतंय?" मग म्हणाल्या, "तू काई बोलला न्हाईस, पर तुझ्या कागदानं सांगितलं की."

"कुठला कागद?"

बाईंनी हाक मारली तशी वर्षा पडदा सारून आत आली आणि तिनं पर्समधून माझीच चिठ्ठी काढली. खाली बारीक अक्षरांत छापील ओळी होत्या, ज्या मी दवाखाना उघडला तेव्हा छापखान्यातल्या माणसानं दुसऱ्या कुणाच्या नमुन्यावरून टाकल्या होत्या आणि मी कधी वाचल्याही नव्हत्या. त्यातली पहिली ओळ, 'रोज स्वच्छ आंघोळ करावी.' बाईंनी तिच्याखाली लाल पेनानं रेघ मारली होती, वह्या तपासताना मारायच्या तशी. ती चिठ्ठी घेऊन त्या घरी गेल्या आणि दोनाच्या तीन आंघोळी केल्या. बेचकी वजरीनं घासली. घासून घासून कातडी सोलली तेव्हा गल्लीतल्या मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली, तीन औषधांची मिसळ असलेली, जिच्यानं खाज दोन दिवसांत थांबते आणि कातडी महिन्याभरात कागदासारखी पातळ होते. ती वर्षभर लावली. माझ्याकडं परत यायचा विषय वर्षानं तीनदा काढला होता. "ज्यानं आंघोळ कर म्हणून लिहून दिलं, त्याला काख काय दाखवायची?" हे बाईंचं उत्तर.

मी चिठ्ठी हातात धरून उभा होतो. माफी मागितली. पूर्वी वर्गात फळा पुसायला विसरलो तर बाई हात हलवून जागेवर बसवायच्या, तसाच हात हलवला त्यांनी. "ताप उतरला की बघू," म्हणाल्या. "त्या सिस्टरला सांग, गरम पाण्यानं अंग पुसून दे म्हणावं. लई कसंतरी होऊन राहिलंय."

सिस्टरांनी अंग पुसून दिलं. योग्य गोळ्याही त्याच दिवशी सुरू केल्या, त्यांचा आता काही उपयोग नव्हता, पायाच्या चिरांतून दुसरेच जंतू आत शिरून विष रक्तात उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी पाय गुडघ्याच्या वर काळा पडला. पाय काढायचं डॉक्टर बोलू लागले तोवर रक्तदाब धरेना. तिसऱ्या दिवशी पहाटे, त्यांच्या आंघोळीच्या वेळेला, बाई गेल्या. खरं तर ही वेळ जुळवून सांगायचं काही कारण नाही, पण तिथं उभं असताना माझ्या मनात तेच आलं.

मी त्या छापील ओळी काढून टाकल्या. आता प्रत्येकाला विचारतो, आंघोळ करून आलात का. क्लासची पोरं हसतात. एका वस्तीवरच्या बाईनं एकदा डोळे वटारले, "आमी काय आंघोळ करत न्हाई वाटलं व्हय?" आणि नवऱ्याला घेऊन निघून गेली. मी मागं धावत गेलो, पायऱ्यांवर उभा राहून समजावलं, हात जोडले, तरी ती थांबली नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही थांबलो नसतो. काही लोक थांबतात, दुसऱ्या दिवशी संकोचून तसेच येतात, आणि दर थोड्या दिवसांनी कुणाच्या ना कुणाच्या काखेत तो लाल रंग उजळतो. मग लागतात काही दिवसांच्या गोळ्या आणि एक मलम. साखर बघायची, बेचकी कोरडी ठेवायची. बस्स. एवढ्याशा आजारानं माणूस जाऊ नये.

बाईंच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर आठवड्याभरानं वर्षा दवाखान्यात आली. मला वाटलं भांडायला आली, आणि ते मला चाललं असतं. ती खुर्चीत बसली. तिची मुलगी दीड वर्षाची, ती मांडीवरून खाली उतरायला धडपडत होती.

"डॉक्टर, एक इचारायचं व्हतं. आईला झालं व्हतं ते नेमकं घाणीनं झालं व्हतं का?"

"नाही हो. घाणीशी काही संबंध नाही. तो जंतू सगळ्यांच्या अंगावर असतो. तुमच्या, माझ्यासुद्धा. साखर वाढली, उकाडा झाला, की वाढतो. किती का स्वच्छ असेना माणूस."

ती मुलीच्या केसांवरून हात फिरवत राहिली. "आईनं शेवटचं वरीसभर हिला मांडीवर घेतलं न्हाई. ही रांगत जायची तिच्याकडं, पदराला धरायची, रडायची. आई उठून आत निघून जायची. 'माझं अंग घाण झालंय, लेकराला लागंल' म्हणायची. तीन-तीन आंघोळी करायची अन् तरी घेत न्हवती." मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "हे आत्ता सांगितलं ते आईला सांगितलं व्हतं का तुम्ही? त्या दिवशी, पडद्याआड?"

त्या दिवशी मी बाईंना दिव्याचं सांगितलं होतं, रंगाचं सांगितलं होतं, पाण्याचं सांगितलं होतं. माझी चूक कशी झाली ते तर दोनदा सांगितलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "हे सांगायचं राहिलं."